मांडीवरचा प्रवासी

गेल्या मे महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी शांती नगरच्या घरी भेटायला आली. नवरा दम्मामला नोकरीला. तिला पहिल्यांदाच दोन मुलांना घेऊन एकटीने विमानाने जायचं होतं. थोरला चार वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. मोबाइलवर तिने बरंच वाचून ठेवलं होतं. किती डायपर घ्यायचे, पाळणा कुठल्या सीटसमोर लागतो, बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते का, सगळं पाठ. तरी म्हणाली, "टीचर, ज्यांनी हे स्वतः केलंय अशा कुणाशी तरी बोलायचंय."

मी तिला दोन इमारती सोडून राहणाऱ्या माझ्या खालाकडे घेऊन गेले. सप्टेंबर १९९० मध्ये खाला जवळपास एवढ्याच वयाची दोन मुलं घेऊन अम्मानहून सहार विमानतळावर उतरली होती. तेव्हा मी उर्दू शाळेत चौथीत होते. अब्बांनी मला विमानतळावर नेलं नाही, म्हणून रडल्याचं आठवतं.

आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरांत आखाताचा इतिहास सांगितला जातो तो पुरुषांचा. दादा मुंबईच्या गोदीतून 'दुम्रा' जहाजाने गेले, डेकवर सतरंजी टाकून आठवडाभर झोपले, ही गोष्ट आमच्याकडे तिसऱ्या पिढीलाही तोंडपाठ आहे. 'दुम्रा', 'द्वारका', 'दारा' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची जहाजं. त्यातल्या 'दारा'वर ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसं गेली. 'द्वारका' १९८२ पर्यंत चालली. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत भारतीय रुपया चालत होता, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलांना थट्टा वाटते.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, कामं वाढली आणि प्रवास विमानाचा झाला. या बदलाकडे आपण फक्त वेळेच्या हिशेबाने पाहतो, आठवड्याचे तास झाले म्हणून. पण आठवड्याच्या डेकवर तान्हं मूल घेऊन बाई पाठवायला घरचे सहसा धजत नसत. तीन-चार तासांच्या उड्डाणाने तो दरवाजा उघडला. अर्थात सगळ्यांसाठी नाही. ठरावीक पगाराच्या वर असलेल्यालाच कुटुंब आणण्याची परवानगी मिळे. गवंडी, ड्रायव्हर एकटेच राहिले; कारकून, परिचारिका, हिशेबनीस यांची बिऱ्हाडं थाटली. खालूजान एका कंपनीत हिशेबाचं काम करत, म्हणून खाला जाऊ शकली. श्रीवर्धनहून रात्रीची एसटी, मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम, मग सहार. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. एसटीतल्या त्या रात्रीपुढे विमानप्रवास काहीच नव्हता, असं खाला अजून म्हणते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. विमानतळ बंद झाला. दिनार एका रात्रीत कागद झाले. दीड लाखाहून अधिक भारतीय तिथे अडकले होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले, आणि वाट ठरली ती अशी: कुवेतहून बसने बसरा, तिथून बगदाद, मग वाळवंट ओलांडून जॉर्डनची हद्द, आणि अम्मानहून विमान. म्हणजे मुंबईच्या विमानात पाय ठेवण्याआधी हजार किलोमीटरहून जास्त रस्ता. हद्दीवर रुवैशिदच्या बाजूला तंबूंच्या छावण्या होत्या. सुमारे ६० दिवसांत ४८८ उड्डाणं झाली आणि एक लाख अकरा हजारांहून जास्त माणसं परत आली. नागरी विमानांनी इतक्या लोकांना बाहेर काढल्याची जगातली ही सर्वांत मोठी मोहीम मानली जाते.

हे आकडे कुठेही सापडतात. या एक लाख अकरा हजारांत मांडीवरची मुलं किती होती, ते मात्र मला कुठेच वाचायला मिळालेलं नाही. २०१६ साली 'एअरलिफ्ट' चित्रपट आला. त्याचा नायक काल्पनिक उद्योगपती आहे. खरोखरही मथुण्णी मॅथ्यूज यांच्यासारख्या मल्याळी उद्योजकांनी लोकांची सोय लावली, त्यांचं ऋण मानायलाच हवं. पण चित्रपट पाहून आल्यावर खाला एवढंच म्हणाली, "यात दूध कुठून आणलं ते दाखवलंच नाही."

दूध असं आणलं होतं. खालूजान थकलेल्या पगारासाठी मागे राहिले. खाला शेजारच्या एका मल्याळी नर्सच्या सोबतीने बसमध्ये चढली. दुधाच्या पावडरचे दोन डबे, एक थर्मास, खजूर. बगदादपर्यंत एक डबा संपला. तंबूत पाणी रांगेने मिळे. त्या पाण्यात पावडर कालवायची तिला भीती वाटे, म्हणून तिने सहा महिन्यांच्या मुलीला जवळजवळ सोडलेलं अंगावरचं दूध पुन्हा सुरू केलं. चार वर्षांच्या मुलाला त्या नर्सने आपल्या दुपट्ट्याचं टोक मनगटाला बांधून ठेवलं होतं. गर्दीत हरवू नये म्हणून. त्या बाईचं नाव खालाला आठवतं, पत्ता नाही.

विमानात मुलगी मांडीवरच होती. आजही दोन वर्षांखालच्या मुलाला आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण दहा टक्के भाडं पडतं आणि सीट मिळत नाही. ते आईच्या पट्ट्याला जोडलेल्या छोट्या पट्ट्यात बसतं. आसनांच्या मोजणीत ते नसतंच. उतरताना ती मुलगी किंचाळून रडली. याचं कारण तेव्हा खालाला माहीत नव्हतं. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. खाली येताना तो वाढतो, आणि कानाच्या आतल्या पोकळीत घशाकडून हवा शिरावी लागते. लहान मुलांची ती नळी अरुंद आणि आडवी असते, म्हणून दुखतं. गिळलं की नळी उघडते. नर्सने तिला सांगितलं, "पाज आता." तिने पाजलं, मुलगी थांबली.

पुढचा भाग कागदोपत्री आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला, पैसा इराकच्या तेलातून यायचा होता. कुवेत किंवा इराक सोडावं लागलेल्यांसाठी 'अ' वर्ग होता: एकट्या माणसाला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. इतर वैयक्तिक दावे सोडून दिले तर ४,००० आणि ८,०००. कुटुंबात मुलं किती, याने रकमेत फरक पडत नव्हता. मला यात अन्याय दिसत नाही. लाखो दावे झटपट निकाली काढायचे तर असंच करावं लागतं. पण या साऱ्या प्रकरणात 'कुटुंब' असा निराळा रकाना मला फक्त इथे भेटला. भरपाई आली तेव्हा खालूजाननी शांती नगरात वन रूम किचन बुक केलं. आमच्या सेक्टरमधल्या किती घरांच्या पायात असा पैसा आहे, ते कुणीतरी विचारून लिहून ठेवायला हवं. आज त्या बायका साठीत-सत्तरीत आहेत.

काळ थोडा बदलला, तेही सांगते. ७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाच्या दिवसांत, दुबईहून लोकांना परत आणणारं विमान कोळीकोडच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. त्या संध्याकाळीच प्रवाशांचा तपशील बातम्यांत आला, आणि त्यात तान्ह्या मुलांचा आकडा वेगळा होता: दहा. २१ जण गेले. त्यांत वैमानिक कॅप्टन दीपक साठे होते, मूळचे नागपूरचे, पूर्वी हवाई दलात असलेले. करोनाची भीती असताना आसपासच्या गावकऱ्यांनी पावसात जखमींना आणि मुलांना स्वतःच्या गाड्यांतून दवाखान्यांत पोहोचवलं. त्या रात्री खाला फोनवर एकच विचारत होती, "ते दहा सापडले का?"

माझ्या विद्यार्थिनीला खालाने फार काही सांगितलं नाही. "चढताना झोपली असेल तर उठवू नकोस, बेटा. उतरताना मात्र उठव आणि पाज. मोठ्याला खिडकीशी बसव, बाहेरच्या बाजूला नको, गाडीवरचा चहा सांडतो. आणि शेजारी कोण बसलंय, तिच्याशी आधी बोलून घे."

मग तिने कपाटातून जुना पासपोर्ट काढला. आता तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. तेव्हा मुलांची नावं आईच्या पासपोर्टवर लिहीत. निळ्या शाईत, कारकुनाच्या घाईच्या अक्षरात, दोन नावं होती. मुलीच्या नावात एक अक्षर चुकलेलं. "हे दुरुस्त करायचं राहून गेलं," खाला म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.