चार वायरींचा करार

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या दुकानातल्या बारकोड स्कॅनरची वायर उंदराने कुरतडली. काउंटरवर गर्दी. बाबा म्हणाले, "एवढा इंजिनिअर झालास, एक वायर जोडता येईना?" मी कोड लिहितो, वायरी जोडत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

जुन्या फोनची यूएसबी केबल कापली. आत चार वायरी. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. हे रंग यूएसबीच्या नियमपुस्तकातले आहेत.

त्या पुस्तकाआधी कॉम्प्युटरच्या मागे कीबोर्डला एक भोक, प्रिंटरला दुसरं, मोडेमला तिसरं असा कारभार होता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट तेव्हा इंटेलमध्ये होते. घरी प्रिंटर जोडताना उडणारी तारांबळ त्यांनी पाहिली होती. पुढे इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० आलं.

चारच वायरी, कारण केबल स्वस्त हवी होती. प्लग दोन्ही बाजूंनी लागावा तर वायरी आणि खर्च दुप्पट झाला असता, असं भट्टांनी नंतर सांगितलं. आपण प्लग उलटा घालून चिडतो, त्यामागे हा हिशेब आहे. डेटाच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन ठेवतात. एकीवर सिग्नल, दुसरीवर त्याचाच उलटा. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो, त्यामुळे दोन्हींतला फरक काढला की तो गळून जातो. २००८ मध्ये यूएसबी ३.० ला वेगासाठी आणखी पाच वायरी लागल्या. २०१४ च्या टाइप-सी मध्ये २४ पिना आल्या, तेव्हा कुठे प्लग सरळ-उलटा कसाही लागू लागला.

आता लालला लाल जोडायची, एवढंच उरलं होतं. तरी स्कॅनर उघडला आणि मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर लावून बोर्डवरच्या प्रत्येक खुणेपासून वायर तपासली. बीप वाजला आणि अंगावर काटा आला. स्कॅनरची लाल वायर ग्राउंडची होती! डेटाच्या दोघींची अदलाबदल झाली असती तर कॉम्प्युटरने फक्त ओळख दाखवली नसती. इथे मात्र ५ व्होल्ट उलटे गेले असते आणि स्कॅनर कदाचित कायमचा गेला असता.

सात कंपन्यांनी पाळायचं ठरवलेलं एका अनामिक कारखान्याने पाळलं नव्हतं. करार कागदावर कितीही पक्का असला तरी शेवटी मीटर लावावाच लागतो.

प्लगच्या बाजूचीही खात्री केली. तिथे बाहेरच्या दोन पट्ट्या पॉवरच्या, आतल्या दोन डेटाच्या. मग सोल्डर मारून प्रत्येक जोडाला वेगळी टेप गुंडाळली. स्कॅनरला करंट कमी लागतो म्हणून हे चाललं. फास्ट चार्जिंगच्या केबलला मी असला जोड दिला नसता.

पहिलं बिल निघालं, ते उटण्याच्या पाकिटाचं. बाबा काही बोलले नाहीत, पुढचं गिऱ्हाईक घेतलं. मी एका चिठ्ठीवर कोणती वायर कशाची ते लिहिलं आणि ती स्कॅनरच्या पोटाशी चिकटवली. पुढचा उंदीर आला, तर पुढच्या माणसासाठी.