कापूस, कापूर आणि काळोख

डोळे मिटा. आता उघडा. फरक पडला नाही ना? पडायचा नाहीच, कारण तुम्ही उभे आहात तिथे काळोख आहे. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्यात, खिडकीवर जाड कापड ठोकलंय आणि वारा आत यायला तसूभर जागा ठेवलेली नाही. साल १९१२, दादरच्या मेन रोडवरचा बंगला. बाहेर झावळ्यांची सळसळ आहे, लांबून गिरणीचा भोंगा येतो, आणि घामाचा एक ओघळ तुमच्या मानेवरून थेट पाठीत उतरतो. जरा धीर धरा. कोपऱ्यातल्या कंदिलाची लाल काच हळूहळू डोळ्यांना दिसू लागेल.

दिसली? मग तिच्यापाशी बसलेल्या बाईही दिसतील. पदर खोचून, मान खाली घालून बसलेल्या या सरस्वतीबाई फाळके. तुम्ही त्यांना काकी म्हणा. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, वाढणं, आवरणं, लेकरं निजवणं झालं, आणि आता रात्रीची पाळी. त्यांचे यजमान धुंडिराजपंत, म्हणजे दादासाहेब फाळके, यांनी विलायतेहून आणलेलं छोटं यंत्र त्यांच्यापुढे आहे. कच्ची फिल्म इथे कोरीच येते, कडांना एकही भोक नसलेली. भोकं घरी पाडायची.

खट्. फीत जरा पुढे. खट्.

तुमचं काम सोपं आहे: गुंडाळी धरा आणि बोटं फक्त कडेला लावा. मध्ये अंगठा टेकवलात तर घामाचा ठसा उमटेल. मोजायचा नाद मात्र करू नका. एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीच्या दोन्ही अंगांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. धुंडिराजपंतांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट भरणार साधारण ३७०० फूट. जवळपास पावणेपाच लाख भोकं, तीही एकाच प्रतीची! एक भोक केसभर सरकलं तर पडद्यावर राजा थरथरणार, नाहीतर फीत फाटणार. चित्रपटाच्या इतिहासात कॅमेऱ्याची पूजा फार झाली. या 'खट्'ला मी कॅमेऱ्याइतकाच मान देईन.

खाली पडलेला एक तुकडा उचला. अंगठा आणि बोटात धरून कड जोरात चोळा आणि नाकाशी न्या. कसला वास आला?

कापूर! आरतीच्या तबकातला, देवघरातल्या डबीतला तोच. तुम्ही धरलेला तुकडा सेल्युलॉइडचा आहे आणि सेल्युलॉइड निम्मंशिम्मं आपल्या ओळखीचंच निघतं. कापसाचा धागा म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची लांबलचक साखळी. तो नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवला की साखळी शाबूत राहते, पण तिच्या अंगावर जागोजागी नायट्रोजन-ऑक्सिजनचे गट चिकटतात. फार चिकटले तर त्या कापसाची स्फोटक दारू होते. थोडे कमी चिकटवले तर सेल्युलॉइडचा माल तयार. मात्र नुसता तो कडक आणि ठिसूळ असतो. मग त्यात कापूर मिसळतात. कापराचे बारके रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात. कणकेत तेलाचं बोट फिरवल्यावर ती जशी ऐकू लागते, तसा हा पदार्थ वाकू लागतो, वळू लागतो. अमेरिकेत जॉन हायट बिलियर्डच्या चेंडूसाठी हस्तिदंताला पर्याय शोधत होता. त्याने १८७० च्या सुमारास हे मिश्रण जमवलं आणि बघता बघता त्याचे कंगवे, बाहुल्या, कॉलर झाले. तुमच्या खिशातही सेल्युलॉइडचा कंगवा असेल तर चुलीपासून चार हात लांब राहा.

आता तुकड्याची दुसरी बाजू जिभेच्या टोकाला लावा. किंचित चिकटली ना? ते जिलेटिन, जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं. तीही लांब साखळ्यांचीच वस्तू, आणि तिच्यात चांदीचे क्षार विखुरलेले. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांचा मुलगा असलेल्या धुंडिराजपंतांच्या घरात, सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात, देवाचा कापूर आणि जनावराचं कातडं एकाच फितीवर पाठीला पाठ लावून बसले आहेत. मला या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

चला, पहाट झाली. अंगणात या आणि डोळे किलकिले करा, कारण इथे दिवे नाहीत, चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर. तारामतीचं काम करणारे साळुंके लुगडं सावरत उभे आहेत. कालपरवापर्यंत ते ग्रँट रोडच्या उपाहारगृहात राबत होते. त्यांच्या कपाळीचं कुंकू कितीही लालभडक असो, फितीला लाल रंग दिसतच नाही, म्हणून पडद्यावर ते काळं उमटणार. रात्रीचा कंदीलही त्याचसाठी लाल होता. तुमच्या हातात पांढरी चादर दिली आहे. ती उन्हात धरायची, म्हणजे नटाच्या तोंडावरची सावली उजळेल. खांदे भरून येतील, डोळ्यांपुढे काजवे चमकतील, तरी हलायचं नाही. काकी तासन्‌तास धरतात.

दुपारी पुन्हा काळोखात. औषधाच्या पाण्यात फीत काळवंडत जाते आणि माणसं उलटी उमटतात, काळी तोंडं, पांढरे केस. मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग पाणी, पुन्हा पाणी. हात कुजल्यासारखे पांढरे पडतात, नखं तपकिरी होतात. भीती असते ती उकाड्याची. पाणी कोमट झालं की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि हरिश्चंद्र तारामतीसकट फितीवरून ओघळू शकतो.

आणि आता गिरगाव, कॉरोनेशन थिएटर, १९१३ चा मे महिना. गर्दी एवढी की तुमचं उपरणं मागच्या माणसाच्या हातात राहिलंय. मोगऱ्याचे गजरे, विड्या, घामाने चिकटलेले सदरे. पण तुम्ही पडद्याकडे पाठ करा आणि माझ्याबरोबर यंत्रापाशी या. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ज्वाळेची पांढरीशुभ्र कमान पेटलीय, तिची धग गालाला लागते. चालक हाताने दांडा फिरवतोय आणि यंत्राचे दात काकींनी पाडलेल्या भोकांत नेमके बसून फीत ओढताहेत. कर्रर्र, कर्रर्र. प्रत्येक चौकट त्या धगीपुढे क्षणभर थांबते आणि पळते. दांडा अडकला तर? थांबलेली चौकट आधी तपकिरी होईल, मग भडकेल. ही आग पाण्यात बुडवली तरी जळत राहते, कारण तिला लागणारा ऑक्सिजन फितीच्या साखळीतच बांधलेला असतो. पुढे बसलेल्यांना यातलं काही ठाऊक नाही. राजा वनात निघालाय आणि कुणीतरी स्फुंदून रडतंय.

परत या. हात धुवा, पण कापराचा वास लगेच जाणार नाही.

त्या चित्रपटाच्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं, अशी दोनच उरली आहेत. सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रेटची, फीत ठेवल्या जागी स्वतःहून कुजते. आधी चिकट होते, मग तिचा तपकिरी भुगा होतो. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशा फिल्म्सच्या कोठाराला आग लागली आणि आपल्या जुन्या चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली. तरी काही डबे अजून कुठे ना कुठे पडून असतील: जुन्या टॉकीजच्या माळ्यावर, एखाद्या वितरकाच्या गोदामात, स्टुडिओत नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत. तुम्हाला असा गंजलेला गोल डबा सापडला तर जवळ काडी ओढू नका, तो उन्हात ठेवू नका आणि भंगारात तर मुळीच घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आणि लवकर कळवा.