भिंतींतील जिना : एक उपेक्षित साधन

जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहावयास जाणाऱ्या संशोधकास बहुधा माडी चढावी लागते. परंतु ज्या जिन्यानें तो चढतो तो जिनाही एक अस्सल साधन आहे, याकडे सहसा लक्ष जात नाहीं. पाटोदा तालुक्यांत मांजरेचा उगम आहे. तो बालाघाटचा टापू धरून एकंदर मराठवाड्यांतील जुन्या गढ्यांत व वाड्यांत जिना पुष्कळदां भिंतीच्या पोटांत आढळतो : अरुंद, अंधारा, उंच पायऱ्यांचा, व वरच्या तोंडास झडप.

यांत गवंड्याचें अज्ञान नसून हेतु आहे. एका वेळीं एकच मनुष्य वांकून वर यावा व वरच्यानें त्यास अडवावें, हा तो हेतु होय. देवगिरीची अंधारी हें याचें थोर उदाहरण. तेथें खडकांतील मार्गाच्या वरच्या तोंडावर लोखंडी झांकण घालून, त्यावर विस्तव पेटवून वाट बंद करण्याची योजना होती. मानसार हा शिल्पग्रंथ सोपानाचे अचल व चल असे दोन भेद करितो; चल म्हणजे हलवितां येणारी शिडी. ती वर ओढून घेतली कीं माडीचीच गढी होते.

आजचा नियम उलट प्रश्न विचारतो : आंतला मनुष्य बाहेर कसा निसटेल? राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० सालीं निघाली. तिच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणें राहत्या घराची पायरी उंचीस फार तर १९० मिलिमीटर व तळास निदान २५० मिलिमीटर असावी. ३ मीटर चढावयास अशा १६ पायऱ्या लागतात, व सरळ जिना सुमारें पावणेचार मीटर लांबी खातो. जुना जिना फूटभर उंचीच्या दहा पायऱ्यांत, तोही भिंतीच्या जाडींत, उरके. राहती जागा जात नसे. लहान जागेच्या धन्यास नवा नियम जड वाटतो तो यामुळें. तथापि १८२८ सालीं शनिवारवाड्याचे लांकडी मजले आगींत गेले, हें विसरतां येत नाहीं. लांकडी घरांत एकुलता जिना धुराचें धुराडें बनतो.

म्हणून राहत्या वाड्यास बाहेरून दुसरा, रुंद जिना जोडावा व जुना तसाच राखावा, हें आम्हांस इष्ट वाटतें. पाडणें अटळच असेल तर प्रथम दप्तरें खालीं आणावीं. मग रुंदी, पायऱ्यांची संख्या व उंची, वळणाची दिशा, झडपेच्या बिजागऱ्या व अडसराचीं भोकें यांचें टिपण करून तें मंडळाकडे धाडावें, अशी वाचकांस विनंति आहे.