तळटीप : ‘एखादीच काकडी कडू का निघते’

* लेखकाने हा प्रश्न केला तेव्हा त्याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. ते २०१४ साली चिनी संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये मांडले. काकडीतले कडू द्रव्य म्हणजे कुकर्बिटॅसिन-सी. ते घडवणारी नऊ जनुके त्यांनी हुडकली. त्यांतली बरीचशी सहाव्या गुणसूत्रावर, एकाच चाळीत बिऱ्हाडे असावीत तशी, शेजारी-शेजारी आहेत. पण त्यांना जागे करणारी प्रथिने दोन, आणि त्यांच्या हद्दी वेगळ्या : ‘बीएल’ पानांत, ‘बीटी’ फळात. जनुकाच्या अलीकडे एक नियंत्रक तुकडा असतो, तिथे ही प्रथिने चिकटली की काम सुरू होते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कडू नसलेल्या फळांचे बी राखले, त्यात फळातला ‘बीटी’ मंदावला. पाने बहुधा कडूच राहिली. झाडाला ते सोयीचे, कारण या कडवटपणापुढे बऱ्याच किडी माघार घेतात. थंडी पडली की मात्र काही वाणांत ‘बीटी’ पुन्हा उचल खातो, आणि कोशिंबीर बिघडते. लेखकाने पुढे देठाकडचे टोक कापून चकतीने घासण्याचा घरगुती उपाय दिला आहे. त्याने फेस येतो, एवढे खरे. — संपा.