पगारात न धरलेली चूल

साल १९७५, मुंबईतलं लालबाग. पहाटेचे पाच वाजलेत. सातच्या पाळीचा भोंगा व्हायला अजून अवकाश आहे, पण काकींच्या खाणावळीतले दोन्ही स्टोव्ह कधीचे भणभणतायत. चाळीतली एवढीशी खोली, रॉकेलचा वास, परातीत कणकेचा ढीग. आत पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही उंबऱ्यावरच टेकता.

"बसलास काय नुसता? डबे पुसून दे," काकी मान वर न करता म्हणतात. तुम्ही मुकाट्याने फडकं घेता.

भोंगा होऊन जातो. रातपाळी संपवून एक साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, दारात येतो. बनियनला, भुवयांना कापसाचे पुंजके चिकटलेले. जेवून तो गावकीच्या सामायिक खोलीत जाईल आणि दिवसपाळीला गेलेल्याच्या जागेवर वळकटी पसरेल. बायको-पोरं रत्नागिरीकडे. पगार झाला की मनीऑर्डर जाते. तिकडे बायको भात लावते, गुरं बघते, पोर वाढवते. तेच पोर मोठं झालं की बदली कामगार म्हणून याच गेटावर उभं राहणार. त्याला वाढवण्याचे कष्ट गिरणीच्या कुठल्या खात्यात लिहिलेत? मार्क्सवादी बायकांनी कुटुंबाबद्दल विचारलेला खरा प्रश्न हाच आहे: माणसाला रोज कामावर जाण्याजोगा करणारी मेहनत फुकट कशी काय?

मार्क्सचा साथी एंगल्स याने १८८४ साली कुटुंबाच्या उगमावर पुस्तक लिहिलं. तो स्वतः मँचेस्टरच्या सूतगिरणीत भागीदार राहिलेला, म्हणजे गिरणी त्याने आतून पाहिलेली. मालमत्ता आपल्याच मुलाकडे जावी म्हणून पुरुषाने बाईला बांधून घातलं, हे त्याचं म्हणणं. मालमत्ताच नसलेल्या कामगाराच्या घरात पुरुषी वर्चस्वाला आधार उरत नाही, असंही तो म्हणतो. इथे मात्र त्याचं चुकलं. काकींच्या घरात वारसाला द्यायला पितळेच्या पातेल्यांपलीकडे काही नाही, तरी यजमान खाटेवर बसून चहा कधी येतो याची वाट बघतायत! बाई कारखान्यात गेली की सुटेल, ही त्याची आशाही इथे फारशी टिकली नाही. रीळखात्यातल्या बायका गिरण्यांनी कधीच कमी करत आणल्यात.

आणि गेल्या वर्षीचा गिरणी संप? पगार बंद, पण पोटं चालू. काकींसारख्या खाणावळवाल्यांनी मेंबरांना, म्हणजे रोज जेवायला येणाऱ्या कामगारांना, उधारीवर जेवू घातलं. पुढाऱ्यांची भाषणं छापून आली. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज या बायकांच्या डोक्यावर राहिलं.

या वर्षातून लगेच परतू नका. याच गिरणगावात प्रेमा पुरव नावाची कम्युनिस्ट कार्यकर्ती या खाणावळवाल्यांना एकत्र करतेय. अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहतं आणि पहिल्या १४ जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळतं. तेही नवऱ्याच्या नाही, त्यांच्या स्वतःच्या नावावर, आणि व्यवसाय म्हणून त्यांनी दाखवलेला असतो तो स्वयंपाकच.