दिनविशेष : ५ एप्रिल
विदितने बर्लिन बचावातून डाव जिंकला

२०२४ : टोरंटो येथील कँडिडेट्स बुद्धिबळ स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत नाशिकच्या विदित गुजराथीने अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी २९ चालींत हरवले. डाव रुय लोपेझच्या बर्लिन बचावाने सुरू झाला. अकराव्या चालीला विदितने एच-३ वरील प्यादे मारून उंटाचा बळी दिला आणि पांढऱ्या राजाचे संरक्षण फोडले. नाकामुराची सलग ४७ पारंपरिक डावांतील अपराजित मालिका तिथे संपली. पुढे नवव्या फेरीतही विदितनेच त्याला नमवले.

या डावाचे मोल त्याच्या सुरुवातीत आहे. २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने कास्पारोव्हला याच बचावाने रोखून जगज्जेतेपद मिळवले; तेव्हापासून बर्लिन म्हणजे अभेद्य भिंत, काळ्यासाठी बरोबरीची हमी, असा समज रूढ झाला. त्याच भिंतीआडून थेट राजावर हल्ला चढवता येतो, हे विदितने दाखवले. सुरुवातीच्या चाली पाठ करणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने हा डाव पटावर मांडून पाहावा. पाठांतर डाव सावरते. जिंकायला मात्र घरी केलेला स्वतंत्र विचार आणि तो ऐन स्पर्धेत खेळण्याचे धैर्य लागते.