अणु-रेणूंच्या भौमितिक रचनेविषयीच्या कल्पना

अणूंना विशिष्ट आकार असतो आणि रेणूतील अणू अवकाशात ठराविक रीतीने मांडलेले असतात, अशा स्वरूपाच्या कल्पना प्राचीन काळापासून मांडण्यात आल्या आहेत. अणू-रेणूंच्या रचनेचे मापन करण्याचे साधन विसाव्या शतकापूर्वी उपलब्ध नसल्यामुळे या कल्पना तर्कावरच आधारलेल्या होत्या. त्यांपैकी बहुतेक मागे पडल्या. काही मात्र रसायनशास्त्राचा पाया ठरल्या. ज्या कल्पनेवरून पदार्थांच्या संभाव्य प्रकारांची संख्या आगाऊ सांगता आली आणि ती प्रयोगशाळेत पडताळता आली, ती कल्पना टिकली, असे या इतिहासावरून दिसून येते.

प्राचीन कल्पना : वैशेषिक दर्शनात परमाणूच्या परिमाणाला ‘पारिमांडल्य’ अशी संज्ञा असून परमाणू गोलाकार मानला आहे. दोन परमाणूंचे द्व्यणुक व तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक बनते आणि त्र्यणुक हा दृश्य पदार्थाचा सर्वांत लहान कण होय, अशी तेथे मांडणी आहे. ग्रीसमध्ये प्लेटो यांनी तिमीअस  या संवादात (इ. स. पू. सु. ३६०) अग्नीचे कण चतुष्फलकाच्या, वायूचे अष्टफलकाच्या, पाण्याचे विंशतिफलकाच्या व पृथ्वीचे घनाच्या आकाराचे मानले. विंशतिफलकाचे २० पृष्ठभाग सुटे झाल्यास त्यांपासून एक चतुष्फलक (४) व दोन अष्टफलके (८ + ८) बनतात. म्हणून पाण्याच्या एका कणापासून अग्नीचा एक व वायूचे दोन कण होतात, असे त्यांनी सांगितले. गणिताच्या दृष्टीने हा हिशेब बिनचूक होता. परंतु त्याचा ताळा पाहण्यास कोणतेही मापन उपलब्ध नव्हते.

स्फटिकांवरून केलेले तर्क : योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांनी १६११ मध्ये हिमकणाच्या षट्‌कोणी आकाराचा विचार करताना सारख्या आकाराचे गोल दाटीने रचण्याच्या पद्धतींचा परामर्श घेतला. रने झ्यूस्त आयुई (१७४३–१८२२) या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८४ मध्ये स्फटिक हा एकसारख्या सूक्ष्म ठोकळ्यांचा बनलेला असतो, असे प्रतिपादन केले. जॉन डाल्टन यांच्या अणुसिद्धांतानंतर विल्यम हाइड वुलस्टन (१७६६–१८२८) यांनी १८०८ मध्येच अणूंच्या त्रिमितीय मांडणीचा विचार आवश्यक ठरेल, असे सुचविले. एका अणूभोवती दुसऱ्या प्रकारचे चार अणू असल्यास चतुष्फलकी मांडणी स्थिर राहील, असे त्यांचे अनुमान होते. मात्र ते केवळ तर्करूप असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले.

याच्या उलट लॉर्ड केल्व्हिन (१८२४–१९०७) यांची १८६७ मधील कल्पना अधिक महत्त्वाकांक्षी होती. सर्वव्यापी ईथरमधील आवर्तांची वलये म्हणजे अणू असून त्यांच्या गाठींच्या निरनिराळ्या प्रकारांमुळे मूलद्रव्ये भिन्न होतात, असे त्यांनी मानले. तिच्यातून एकाही मूलद्रव्याचा गुणधर्म निश्चित करता आला नाही व ती सोडून द्यावी लागली. तथापि तिच्यामुळे पी. जी. टेट यांनी तयार केलेली गाठींची कोष्टके गणितशास्त्रास उपयुक्त ठरली.

चतुष्फलकी कार्बन : ल्वी पाश्चर (१८२२–९५) यांनी १८४८ मध्ये टार्टारिक अम्लाच्या एका लवणाचे स्फटिक हाताने निवडून दोन गटांत वेगळे केले. हे स्फटिक परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारखे होते. त्यांचे विद्राव ध्रुवित प्रकाशाचे [ज्याची कंपने एकाच प्रतलात होतात अशा प्रकाशाचे] प्रतल अनुक्रमे उजवीकडे व डावीकडे वळवीत. विद्रावात स्फटिक शिल्लक राहत नसल्यामुळे हे वैशिष्ट्य रेणूतच असले पाहिजे, असे अनुमान निघाले.

त्याचे स्पष्टीकरण १८७४ मध्ये याकोबस हेन्रिकस व्हांट हॉफ (१८५२–१९११) व झोझेफ आशील ल बेल (१८४७–१९३०) यांनी स्वतंत्रपणे दिले. कार्बनाच्या चार संयुजा चौरसाच्या कोपऱ्यांकडे रोखलेल्या मानल्यास डायक्लोरोमिथेनाचे दोन प्रकार संभवतात. कारण क्लोरिनाचे दोन अणू शेजारच्या किंवा समोरासमोरच्या कोपऱ्यांवर येऊ शकतात. प्रत्यक्षात एकच प्रकार आढळतो. संयुजा चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंकडे रोखलेल्या मानल्यास एकच प्रकार मिळतो आणि कार्बनाला चार भिन्न गट जोडलेले असल्यास मात्र परस्परांच्या प्रतिमा असलेली दोन रूपे मिळतात.

या विचाराला तीव्र विरोध झाला. लाइपसिक येथील ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे (१८१८–८४) यांनी १८७७ मध्ये आपण संपादित करीत असलेल्या नियतकालिकात व्हांट हॉफ यांची कठोर शब्दांत संभावना केली. व्हांट हॉफ त्या वेळी उत्रेक्त येथील पशुवैद्यक विद्यालयात नोकरीस होते व याचाही उपहास करण्यात आला. निराधार कल्पनाविलासाने रसायनशास्त्राची पूर्वी हानी झाली होती, ही कोल्बे यांची भीती अनाठायी नव्हती. परंतु या कल्पनेतून मोजता येण्याजोगे निष्कर्ष निघत होते, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. ग्लुकोजाच्या साखळीरूपात चार असममित कार्बन अणू असल्याने तिचे २⁴ म्हणजे १६ समघटक असावयास पाहिजेत. या आधारावर एमील फिशर यांनी १८९१ मध्ये ग्लुकोजाची रचना ठरविली. ॲलीन या वर्गातील काही संयुगांना प्रतिमारूपे असतील, हे व्हांट हॉफ यांचे १८७५ मधील भाकीत १९३५ मध्ये खरे ठरले. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हांट हॉफ यांना मिळाले.

धातूंची संयुगे : आल्फ्रेट व्हेर्नर (१८६६–१९१९) यांनी १८९३ मध्ये कोबाल्टाच्या अणूभोवतीचे सहा गट अष्टफलकाच्या शिरोबिंदूंवर असतात, असे सुचविले. चार गट एका व दोन गट दुसऱ्या प्रकारचे असल्यास सपाट षट्‌कोन किंवा त्रिकोणी लोलक यांपासून तीन समघटक मिळतात, तर अष्टफलकापासून दोनच. अमोनिया व क्लोरीन असलेल्या अशा एका संयुगाचा हिरवा प्रकार ज्ञात होता. जांभळा प्रकार सापडत नव्हता. तो व्हेर्नर यांनी १९०७ मध्ये तयार केल्यावर त्यांचे प्रमुख विरोधक एस. एम. यॉर्गेनसेन यांनी विरोध सोडला.

विसावे शतक : याच सुमारास ॲनी बेझंट व सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी ऑकल्ट केमिस्ट्री  या ग्रंथात (१९०८) अतींद्रिय दृष्टीने पाहिलेल्या म्हणून मूलद्रव्यांच्या घनाकार, चतुष्फलकी इ. आकृत्या दिल्या. त्या मापनाने पडताळता येण्याजोग्या नसल्यामुळे विज्ञानात त्यांना स्थान मिळाले नाही. गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस (१८७५–१९४६) यांनी १९०२ मध्ये आखलेला व १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘घनाकार अणू’ ही देखील कल्पनाच होती. दोन घनांची कड सामाईक असल्यास एकेरी व पृष्ठभाग सामाईक असल्यास दुहेरी बंध दाखविता येई. तिहेरी बंध मात्र दाखविता येत नसे. ही उणीव ओळखून ल्यूइस यांनी त्याच लेखात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंवर मानल्या. घन मागे पडला. परंतु सामाईक जोडी म्हणजे बंध, हा विचार कायम राहिला.

डब्ल्यू. एच. ब्रॅग व डब्ल्यू. एल. ब्रॅग या पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची रचना निश्चित केली. तीत प्रत्येक कार्बन अणूभोवती चार अणू चतुष्फलकी मांडणीत असून बंधांमधील कोन १०९° २८′ असल्याचे आढळले. डावे व उजवे रूप प्रत्यक्षात कोणते, हे १९५१ मध्ये योहानेस मार्टिन बायव्हूट यांनी टार्टारिक अम्लाच्या लवणावरून ठरविले. हे कार्य उत्रेक्त येथील व्हांट हॉफ यांच्या नावाच्या प्रयोगशाळेत झाले, हे उल्लेखनीय आहे.

पुंजयामिकीनुसार अणू हा कडा व कोपरे असलेला ठोकळा नसून रेणूचा आकार इलेक्ट्रॉनांच्या वितरणामुळे ठरतो. लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये कार्बनाच्या चतुष्फलकी बंधांचे स्पष्टीकरण या आधारावर दिले. २००९ मध्ये झुरिकजवळील प्रयोगशाळेत आणवीय बल सूक्ष्मदर्शकाने पेंटासीन या एका रेणूची प्रतिमा घेण्यात आली. तीत शेजारी शेजारी जोडलेली पाच षट्‌कोनी वलये स्पष्ट दिसतात.